सुमनकाकूंची एक रेघ

थांबा, आधी हे ऐका. कॉलेजच्या फी काउंटरबाहेर जो सिमेंटचा बाक आहे ना, त्याच्यावर बसून फोनवर टाइप करतेय. बोटं नुसती पळतायत, चुका झाल्या तर चालवून घ्या. घरी जाऊन, चहा पिऊन लिहायला बसले तर हे शहाण्या मुलीसारखं लिहून होईल. मला तसं नकोय. मी चिडलेय. कुणावर, ते मलाच अर्ध्या तासापूर्वी नीट कळलंय.

पण आज काउंटरवर काय झालं ते कळायला आधी सुमनकाकू माहीत पाहिजेत.

नल्लकुंट्यात आम्ही वर राहतो, काकू खाली राहायच्या. त्यांचंही घराणं आमच्यासारखंच नांदेडकडचं, पण तीन पिढ्या हैदराबादेत मुरलेलं. एका डिग्री कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये रिटायर होईपर्यंत त्या लॅब असिस्टंट होत्या. कुणी चुकून "मॅडम शिकवायच्या" म्हटलं की लगेच, "शिकवायचे ते. मी बाटल्या धुवायची." आणि हे अशा थाटात, की शिकवणाऱ्यांचीच कीव यावी.

नोकरी संपली पण लॅब सुटली नाही. तुळशीला पाणी घालायचं ते वॉश बॉटलनं. प्लास्टिकची बाटली, वाकडी नळी, दाबली की बारीक धार. भज्यांसाठी तेल मोजायचं तेही काचेच्या उभ्या मापात, खाली वाकून, एक डोळा मिटून, रेघेच्या बरोबर समोर नजर आणून. आम्ही भुकेनं मरतोय आणि ह्यांची नजर तेलाच्या काठावर. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर पांढरी चिठ्ठी: आत काय आहे, कधी भरलं, आणि कोपऱ्यात सही. सही म्हणजे नुसतं 'सु.' अक्षर इतकं टपोरं, की हळदीचा डबासुद्धा सरकारी वाटायचा.

त्यांचा मुलगा अजयदादा नोकरीला बेंगळुरूला गेला, तेव्हा काकूंनी त्याला दोन पानांचं पत्र लिहून बॅगेत ठेवलं होतं. मराठीत. दादा पहिल्या सुट्टीला आला, काकूंनी कपडे धुवायला बॅग रिकामी केली, तर पत्र साइडच्या खिशात. घडीसुद्धा मोडलेली नाही. दादा म्हणाला, "वाचायला लई टाइम लागतो ना आई. थोडक्यात सांग ना काय लिहिलंयस."

मी तिथंच होते, सातवीत, काकूंच्या ओट्याजवळ शेंगदाणे खात. काकूंनी थोडक्यात सांगितलं नाही. पत्र घेतलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं.

त्याच संध्याकाळी वर आल्या. आईला म्हणाल्या, "सुनीता, ही पोरगी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. हिला नांदेडला पाठव. मामा आहे ना हिचा? दहावीपर्यंत ठेव तिकडं."

आई म्हणाली, "अहो काकू, एकुलती एक आहे."

"म्हणूनच म्हणायलेय. माझाही एकुलता एकच होता."

तीन संध्याकाळी येऊन बसल्या. बाबा आधी हसले, शेवटी हो म्हणाले. आणि मी, जिला कुणी विचारलंच नाही, आठवी ते दहावी नांदेडला मामाकडे. खोटं कशाला बोलू, मजा आली. वाचायला लागले. परत येऊन इंटर, म्हणजे अकरावी-बारावी, मात्र इथंच केलं.

इंटरला एकदा प्रॅक्टिकलच्या रेकॉर्ड बुकात माझं एक रीडिंग चुकलं. मी वरून व्हाइटनर फासलं, सुंदर पांढरं केलं आणि काकूंना दाखवायला नेलं. त्यांनी पान उजेडात धरलं.

"हे काय करून ठेवलंयस, मिनू?"

"चुकलं होतं. खोडलं."

"खोडायचं नाही. एक रेघ मारायची. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. आपण काय चुकलो ते दिसायला नको का?"

"मार्क जातील ना काकू!"

"जाऊ दे. लपवलं तर जास्त जातील."

अख्खं पान परत लिहायला लावलं. चुकीसकट! चुकलेला आकडा मुद्दाम लिहून त्याच्यावर रेघ मारायला लावली. असला छळ कुणी करतं का?

तर इंटर झालं, इंजिनिअरिंगची एन्ट्रन्स झाली, रँक चांगली आली. पेढे वाटले. मग सर्टिफिकेट तपासायच्या काउंटरवर गेलो, बाबा, मी आणि काकू. काउंटरवाल्यानं माझे शाळेचे दाखले पत्त्यांसारखे पसरले, मधले तीन बाजूला काढले आणि म्हणाला, "नॉन-लोकल अम्मा."

बाबा म्हणाले, "अरे, इथंच जन्मली ती! कोठीच्या सरकारी दवाखान्यात!"

"जनम नहीं सर. स्टडी. सलग इधरीच पढ़ना. बीच में तीन साल नांदेड़ है."

म्हणजे सरकारी फी-सवलत नाही. बरं, महाराष्ट्रात विचारलं, तर तिथं, "बारावी आमच्याकडची नाही, राहता तिकडं, तुम्ही आमच्या कशा?" घ्या! इथली नाही, तिथलीही नाही. नांदेडला 'हैदराबादवाली' आणि हैदराबादेत 'नांदेडवाली'.

काकूंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, घातला. परत काढला, परत पुसला.

रात्री जेवताना बाबांनी सरळ सांगून टाकलं, "पूर्ण फी आपल्याला झेपायची नाही, मिनू. कुठल्या कॉलेजची स्वतःची मेरिट स्कॉलरशिप मिळाली तर इंजिनिअरिंग. नाहीतर घराजवळ साधी डिग्री." त्यांचा आवाज बारीक झाला होता, म्हणून मला भांडताही आलं नाही.

मग मी कॉलेजं शोधायला बसले. तुम्ही केलंय का हे कधी? डोकं फिरतं! प्रत्येक वेबसाइटवर झाडाखाली हसणारी तीच तीन पोरं. 'शंभर टक्क्यांपर्यंत स्कॉलरशिप' मोठ्या अक्षरात, आणि त्या 'पर्यंत'वर बारीक चांदणी. चांदणी काय सांगते ते कुठंच नाही. नंबर टाकल्याशिवाय पान उघडत नाही, आणि नंबर टाकला की संपलात. फोन, फोन, फोन. "हाय डिअर, सीट ब्लॉक कर दूँ?" जेवताना, अंघोळीला निघताना, देवळात. आईनं तर एकाला, "बेटा, तुझी तरी फी भरली का कुणी?" म्हणून विचारलं.

असं चार दिवस चाललं. मग एका सकाळी सात वाजता काकू दारात. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली.

"चल. कॉलेजं बघायची."

"काकू, वेबसाइटवर आहे सगळं."

"वेबसाइटला वास येतो का?"

ही त्यांची पद्धत. कॉलेज बघायचं म्हणजे ऑफिसात सगळ्यात शेवटी जायचं, आधी केमिस्ट्री लॅब. दारात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि वास घ्यायचा. इंजिनिअरिंग कुठलंही घ्या, पहिल्या वर्षाला केमिस्ट्री आहेच. "लॅबला वास नाही म्हणजे पोरं काम करत नाहीत. पोरं काम करत नाहीत म्हणजे मास्तर येत नाहीत. मग तुझी ती स्कॉलरशिप काय चाटायचीय?"

कुकटपल्लीतल्या कॉलेजला गेलो तेव्हाची गोष्ट. काचेची इमारत, आत थंडगार, कॅन्टीनमध्ये कॉफीचं मशीन. मी तर गेटवरच सेल्फी काढून मैत्रिणींना पाठवला होता. टाय लावलेला एक माणूस आला, आम्हाला सोफ्यावर बसवलं.

"मॅडम, ये रँक को हंड्रेड परसेंट स्कॉलरशिप!"

काकू म्हणाल्या, "पहले साल का हुआ. दूसरे साल?"

"परफॉर्मन्स पे डिपेंड है मॅडम."

"किसका परफॉर्मन्स? बच्ची का, क्या तुम्हारा?"

तो हसला. काकू हसल्या नाहीत. "लॅब दिखाओ."

लॅब चकाचक. काकूंनी दारात डोळे मिटले, नाक वर केलं. "फिनाईल," म्हणाल्या. आत जाऊन कपाट उघडलं. ब्युरेटी, म्हणजे त्या लांब काचेच्या नळ्या असतात ना खाली तोटीवाल्या, सगळ्या प्लास्टिकच्या पिशवीतच. पिशवीचं सीलसुद्धा तुटलेलं नाही. काकूंनी बेसिनचा नळ सोडला. आधी हवा आली, मग लाल पाणी.

"बहुत साफ रखते मॅडम हम लोगां," टायवाला म्हणाला.

"गंदेच नहीं हुए तो साफ ही रहेंगे ना बाबा."

आणि निघाल्या. माझं काय? मला आवडलं होतं ते कॉलेज! पहिल्या वर्षाचं तरी शंभर टक्के देत होते, पुढचं पुढं बघितलं असतं. ऑटोत बसल्यावर माझा तोल गेला.

"तुम्हाला काय जातंय नको म्हणायला? तुमच्यामुळेच झालंय हे सगळं! तुम्हीच पाठवलंत ना मला नांदेडला? तुमच्या पोराला वाचता येत नाही त्याची शिक्षा मला का?"

ऑटोवाल्यानं आरशातून मागं बघितलं. काकू बाहेर बघत होत्या. मग पुढं वाकून म्हणाल्या, "मियाँ, वो झाड़ के बाजू रोको."

आमचं घर अजून दीड-दोन किलोमीटर होतं. काकू उतरल्या, ऑटोचे पैसे देऊन टाकले, आणि उन्हात चालायला लागल्या. मी तशीच ऑटोत बसून घरी आले. त्या पोचल्या का हे गॅलरीतून बघत राहिले, दिसल्या तशी आत पळाले. सॉरी म्हटलं नाही. तेव्हा वाटलं, उद्या म्हणू.

उद्या सात वाजता काकू दारात. खांद्याला पिशवी, हातात पाण्याची बाटली. जसं काही झालंच नाही. आता अशा माणसाला सॉरी म्हणायचं तरी कधी, तुम्हीच सांगा!

त्या दिवशी मात्र त्यांनी पिशवीतून फोन नंबरांची एक जुनी डायरी काढली. ही एक भारी गोष्ट मला तेव्हा कळली. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसांत सिल्व्हर नायट्रेट हमखास संपतं. महाग असतं, कॉलेजं जपून घेतात, आणि बाहेरचा परीक्षक येऊन बसला की धावाधाव. मग एका लॅबचा असिस्टंट दुसऱ्या कॉलेजच्या लॅबमधून तपकिरी बाटलीत उसनं आणतो. प्रिन्सिपलांना पत्ता नसतो. त्यामुळे अख्ख्या हैदराबादेतले लॅबवाले एकमेकांना ओळखतात, आणि कुठल्या कॉलेजात खरं काय चालतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

काकूंनी फोन लावला. "यादगिरी? सुमन मॅडम बोलरी. हौ हौ, जिंदा हूँ अबी. सुन, एक बच्ची है..."

दोन बस बदलून गावाबाहेरच्या त्या कॉलेजला पोचलो. इमारत जुनी, भिंतीला पोपडे. मी मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं. जिन्यातच सडक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी ओढणी नाकाला लावली. आणि काकू? लग्नाच्या पंगतीत आल्यासारखा चेहरा! "आहाहा. चालूय लॅब."

यादगिरी अन्ना म्हणजे केस पिकलेला, कोपर फाटलेल्या एप्रनचा माणूस. त्यानं आम्हाला लॅबच्या बाहेरच्या नोटीस बोर्डापाशी नेलं. पिवळा पडलेला एक कागद. कॉलेज काढणाऱ्यांच्या ट्रस्टची मेरिट स्कॉलरशिप, केमिकल ब्रँचसाठी. ज्यांना सरकारी सवलत मिळत नाही त्यांच्यासाठीच. लेखी टेस्ट. आणि चारही वर्षं, विषय राहिला नाही तर.

"चारों साल?" काकूंनी तीनदा विचारलं.

"चारों साल अम्मा. मेरे सामने पास होके गए बच्चे."

"अहो मग हे वेबसाइटवर का नाही?" मी ओरडलेच.

"वेबसाइटवाला नौकरी छोड़के गया," अन्ना म्हणाला.

म्हणजे बघा! एकीकडे चांदण्या लावून खोटं सांगणारे रोज पंधरा फोन करतात, आणि खरं देणारे मात्र कागद लॅबबाहेर टाचून ठेवतात. रडावं का हसावं?

काकू अन्नाशी बोलत बसल्या. मी आत थर्ड इयरची मुलं टायट्रेशन करत होती ते बघत उभी राहिले. थेंब, थेंब, थेंब, आणि एका थेंबाला सगळं गुलाबी. परत जाताना बसमध्ये काकू म्हणाल्या, "तिकडं काचेच्या लॅबमध्ये चार मिनिटांत तीनदा फोन काढलास. इथं पाऊण तास फोन पर्समध्येच होता. तुला कुठं करमतं ते मला नको सांगू."

मला कॉम्प्युटर घ्यायचं होतं, सगळेच घेतात म्हणून. त्या बसमध्ये मी केमिकलचं ठरवलं.

अर्जासोबत एक पान लागायचं. नातेवाईक नसलेल्या, ओळखीच्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं, की ह्या मुलीला सरकारी सवलत का मिळत नाही. काकूंशिवाय कोण लिहिणार? त्यांनी पान नेलं आणि दोन दिवस दिलंच नाही. तिसऱ्या दिवशी पाकीट आणून दिलं, डिंकानं चिकटवलेलं, जोडावर 'सु.' अशी सही.

"वाचू का?"

"तुझ्यासाठी नाहीये ते."

टेस्ट दिली. स्कॉलरशिप मिळाली.

आता आज. सेकंड इयर सुरू झालंय, स्कॉलरशिप पुढं चालू ठेवायला आले होते. विषय एकही राहिला नाही, त्यामुळे शिक्का मारायचा आणि जायचं. क्लार्कनं माझी फाइल उघडली, कागद उलटता उलटता थांबला.

"ये आपका है? मैं हिंदी समझा. पढ़ा तो समझा नहीं. कौनसी भाषा है?"

काकूंचं अक्षर. मराठीत. वर्षभर इथं पडून होतं. मी विचारलं, मग कमिटीनं काय केलं ह्याचं? तो म्हणाला, "टेस्ट में मार्क्स अच्छे थे ना. ये कौन पढ़ता?"

मी काउंटरवरच वाचलं. रेकॉर्ड बुकासारखं लिहिलंय.

उद्दिष्ट: मुलीला सवलत का मिळत नाही ते सांगणे.

निरीक्षण: मुलगी हैदराबादचीच. मधली तीन वर्षं नांदेडला शिकली, म्हणून इथली धरत नाहीत.

चूक कशी झाली: मुलीच्या घरच्यांनी तिला बाहेर पाठवलं.

ह्या शेवटच्या ओळीवर रेघ. एकच, सरळ. खालचं सगळं वाचता येतं. आणि बाजूला: 'मी पाठवायला लावलं. नियम विचारला नाही. सु.'

अनुमान: मुलीचं काही चुकलेलं नाही. माझं चुकलं.

क्लार्क शिक्का मारत होता, "ओके ना?" विचारत होता. पान परत फाइलीत लावलं त्यानं. मी फोटो तेवढा काढला.

इतकी चीड आलीय ना! दोन मजल्यांच्या घरात खाली-वर राहत होतो, काकू. दहा पायऱ्या! आणि हे तुम्ही अशा ऑफिसात लिहून ठेवलंत जिथं कुणालाही वाचता येत नाही? मला म्हणालात, तुझ्यासाठी नाहीये! पण तुमच्यावर तरी किती चिडू? ऑटोत बोलले ते मी पण वर्षभर तसंच ठेवलंय. ना खोडलं, ना रेघ मारली.

काकूंना नीट बघितलं ते शेवटचं अ‍ॅडमिशनच्या दिवशी. पावती घेऊन त्यांना शोधत लॅबमध्ये आले, तर ह्या यादगिरी अन्नाचा एप्रन घालून बेसिनपाशी. एप्रन गुडघ्याच्या खाली गेलेला. एकेक ब्युरेट धुऊन खिडकीच्या उजेडात धरत होत्या, एक डोळा मिटून. मी दारात उभी राहिले. आत्ता म्हणू, असं वाटलं. त्यांनी मागं न बघताच विचारलं, "झालं? चारी वर्षांचं लिहून घेतलंस?"

"हो."

"मग थांब. एवढ्या चार राहिल्यात."

मी थांबले. त्यांनी चारही धुतल्या. त्यानंतर आठवड्याभरात, आईनं आता एकटं राहायला नको म्हणून, अजयदादा येऊन त्यांना बेंगळुरूला घेऊन गेला. मी तेव्हा कॉलेजात होते, परत आले तर खाली कुलूप. तुळशीपाशी वॉश बॉटल ठेवलेली, भरून.

आत्ता फोन लावला, उचलत नाहीत. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज केला. ऑटोत जे बोलले होते ते सगळं, जसंच्या तसं टाइप केलं. त्याच्यावर एक रेघ मारली, फोनमध्ये मारता येते. खाली लिहिलं, 'माझं चुकलं. तुमचं पान मी वाचलं. मला वाचता येतं, काकू. मि.'

अजून एकच टिक आहे, पोचलेला नाही.

तुमच्या बाबतीत झालंय का असं? म्हणजे ज्याच्यावर ओरडलात त्यानंच गुपचूप तुमचं काम करून ठेवलं, आणि तुम्हाला ते असं उशिरा, कुठल्यातरी फाइलीत सापडलं? झालं असेल तर सांगा ना, मग तुम्ही काय केलंत?